इग्वानाचं गाळलेलं पाणी

माझ्या सासूबाईंना भित्र्या म्हणता ना तुम्ही सगळ्या? मग हे ऐकाच.

आमच्या लेकीने इग्वाना पाळलाय, हिरवागार, मांजराएवढा. सासूबाई त्याला पालच म्हणतात आणि त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. त्याच्या काचघरात बादलीतलं पाणी पंपाने ओढून फवाऱ्यांनी धुकं सोडतो आम्ही, पानांवरचे थेंब चाटून तो पाणी पितो. मध्यंतरी धुकं बंद होऊन नुसतं टिपकायला लागलं. इग्वाना मलूल, लेक रडकुंडीला.

मांडवी बाजारातला गुजराती दुकानदार म्हणाला, "बेन, नवो पंप लई लो."

म्हटलं, नवा कशाला घेऊ? नंदेसरीच्या कारखान्यात पंप सांभाळते मी, घरच्या पंपापुढे हात टेकू? फवाऱ्यांची तोंडं व्हिनेगरमध्ये भिजवली, नळ्या फुंकल्या, पंप खोलून पुन्हा बसवला. जोर काही येईना. शेवटी पंप जिने पाणी ओढतो ती नळी बादलीतून वर काढली. टोकाला जुन्या साडीचं चारपदरी फडकं, दोऱ्याने करकचून बांधलेलं!

"हे कुणी बांधलं?"

"मी," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "घरात सगळ्यांना गाळलेलं पाणी, आणि त्या पालीला तेवढं तसंच?"

"अहो आई, पण तुम्ही तिच्याजवळ गेलात कशा?"

"डोळे मिटून. म्हणून तर सुटू नये असं आवळलं."

आता फडकं नळीला नाही, बादलीच्या तोंडावर बांधतो. धुकं असं सुटतं की काचेतून आतलं काही दिसत नाही. फडकं बांधायचा मान अर्थात सासूबाईंचा. आणि परवा मी मुद्दाम पाहिलं, डोळे चांगले उघडे होते.