हौसेरावांची तिथी

“‘माझं वर्षश्राद्ध साताऱ्याला माहुलीच्या घाटावरच करा,’ असं तुझे वडील म्हणाले होते. मी शब्द दिलाय, शिवतेज.”

रबाळ्याच्या फ्रेमवाल्याकडे, माझ्या देवीच्या तसबिरीला काच बसेपर्यंत, शेजारी मायलेक बोलत होते.

“आई, मी तारीख धरून टोकियो बुक केलं. तिथी आधी येते, मला काय माहीत?”

“तिथली चेरीची फुलं कधी उमलतात, ते बरं माहीत होतं.”

“चारच दिवस गं! आल्यावर घालू.”

“तिथी परवा आहे.”

“मग गावचा चुलतभाऊ घालेल की! टेन्शन नको घेऊस. चल, पॅकिंग राहिलंय.”

“तू हो पुढे.”

तो गेला. तिनं खाली ‘कै. हौसेराव’ लिहिलेला नवऱ्याचा फोटो पदरात गुंडाळला.

“ताई, साताऱ्याची एसटी कुठं मिळेल?”

मी थांबा दाखवला. फोटो छातीशी धरून ती निघाली.