नारळ आधी नदीला

वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आज संध्याकाळी पाचच्या सुमारास आपल्या घाटाला लागेल. तलाठी भाऊसाहेबांनी हे आत्ता, मी माईककडे येत असताना, फोनवर पक्कं केलं. बचाव पथक पुण्याहून निघालंय, पण वाटेतल्या गावांतही त्यांची गरज आहे. ते पाचच्या आत आपल्या राहू गावात पोचेल का, असं मी दोनदा विचारलं. भाऊसाहेब हो म्हणाले नाहीत.

आता रीतीप्रमाणे सुरुवात करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, विकास सोसायटीचे माजी चेअरमन आदरणीय हौसराव आबा, सत्कारमूर्ती सुदर्शन चोगले, म्हणजे आपले सुदर्शनमामा, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या शाळेच्या सुषमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, दौंडहून आलेले मामांचे रेल्वेतले सहकारी, नदीपलीकडून, शिरूर तालुक्यातून आलेले पाहुणे, आणि आपल्या जीवरक्षक मंडळाचे आजी-माजी सदस्य. मी सुलक्षणा, मंडळाची सचिव. मला पंधरा मिनिटं दिली होती. त्यातली दहा पाण्याने काढून घेतली, तेव्हा थोडक्यात बोलते.

मामा उद्या हर्णैला, आपल्या समुद्राकाठच्या गावी कायमचे चाललेत. नोकरी दौंडच्या रेल्वेत, ताईंची शाळा राहूत, म्हणून बिऱ्हाड इथे. हे मंडळ कसं सुरू झालं, ते नव्या मंडळींना ठाऊक नसेल. एका पुरात मळईवर दोन माणसं अडकली होती. मळई म्हणजे नदीच्या पोटातली ती गाळाची जमीन. सगळं गाव घाटावर उभं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. ड्यूटी करून घरी चाललेले मामा तिथे थांबले, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी हर्णैहून ट्रकमध्ये घालून होडी आणली. तेव्हा आबांनी विचारलं होतं, "मामा, जन्मभर खारं पाणी प्यालेली होडी. गोडं सोसंल का तिला?" मामा म्हणाले, "होडीला सोसतं आबा. तुमच्या माणसांचं बघा."

माणसांनाही सोसलं. दर रविवारी सराव व्हायचा. वल्ही मारून हाताला फोड यायचे. मामा विसाव्याला बसले की गावाकडचं सांगायचे. होडी किनाऱ्याला आली की वाळूत जो असेल तो दोराला हात लावतो. कुणाची होडी, असं कुणी विचारत नाही. भांडण असलेला माणूससुद्धा आधी होडी वर ओढतो, मग भांडतो.

मग आपण काय केलं? कुणाला तरी वाचवलं की आपण सत्कार केला. चूक काय त्यात? काहीच नाही. शाल, नारळ, फ्रेम, चौकात फ्लेक्स. पण एक गोष्ट हळूहळू होत गेली. ज्याचा सत्कार झाला, तो पुढच्या रविवारी येईनासा झाला. जणू नारळ हातात पडला की काम पुरं झालं. कुणाला रांजणगावच्या कारखान्यातली शिफ्ट लागली, कुणाची पोरं पुण्याला शिकायला गेली. कारणं खरीच होती. आज या मांडवात फ्रेम मिळालेले जीवरक्षक खुर्च्या भरून बसलेत. गेल्या रविवारी सरावाला मी होते आणि मामा होते. खांद्याच्या ऑपरेशनमुळे मामांना वल्हं मारता येत नाही. आम्ही होडीवरची ताडपत्री झटकली आणि घरी आलो.

मामांना मी विचारलं, गावी तरी तसंच आहे का हो सगळं? ते हसले. म्हणाले, "आता होड्या ट्रॅक्टर ओढतो. लोक गॅलरीतून बघतात. थोरला भाऊ म्हणतो, ये, आपण दोघं ओढू."

आता आजचं. सकाळी मेंढपाळ बिरदेव मळईवरून मेंढरं घेऊन पलीकडे, शिरूरच्या बाजूला चढला. दुसऱ्या फेरीला परत यायच्या आत मधला ओढा भरला. त्याची आई गिताबाई, बायको म्हाळसा आणि आठवड्याची कोकरं मळईवर राहिलीत. मी गिताबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पोरी, कोकरं घ्यायची आसंल तर होडी आण. न्हाईतर येऊ नगंस." बिरदेव तर सरळ म्हणाला, "ताई, मंडळाची होडी हाय ना? का ती बी फोटूपुरतीच?"



मग मी मल्हारीला गाठलं. मंडळाचा सगळ्यात तगडा वल्हेकरी. तो म्हणाला, "सेकंड शिफ्ट हाय ताई. सत्काराला तोंड दाखवतो आन् जातो. आन् मामा हायेत की." मामा मागेच उभे होते. म्हणाले, "मामा उद्या गाडीत बसणार आहे, मल्हारी. परवा कोण आहे?"

आणि इथे, पायऱ्या चढताना, मामा मला एक बोलले. ते सांगते आणि थांबते. "सुलक्षणा, आमच्याकडे नारळ आधी समुद्राला देतात, मग होडी काढतात. तुम्ही नारळ माणसाला देता आणि होडी झाकून ठेवता. माझ्यासाठी आणलेला तेवढा नदीला द्या."

तेव्हा आबा, शाल घडीतच राहू द्या. नारळ माझ्याकडे द्या. सुकाणू मामा धरतील, दोर मी. वल्ह्याला दोन माणसं हवीत.

आबा, तुम्ही कशाला उठताय? अध्यक्षांनी सभा सोडायची नसते, बसा तुम्ही.

मल्हारी, तू चपला काढतोयस ते मला इथून दिसतंय. ये. सारिका, वल्हं तुलाही येतं, कंपनीचा गणवेश भिजू दे, ये तूही.

दौंडच्या पाहुण्यांचे, आबांचे, मांडव घालणाऱ्यांचे आणि मामांना इतकी वर्षं आम्हाला उसने देणाऱ्या सुषमाताईंचे मनापासून आभार. भरल्या सभेत कुणाला लागेल असं बोलले, सत्काराचा क्रमही मोडला. मोठ्या मनाने पोटात घाला.

दहा मिनिटांत होडी सुटेल. जाऊन यायला तासभर, कोकरं चढवायला थोडा जास्त. साडेचारपर्यंत परत येऊ, असा मामांचा अंदाज आहे. पाण्याची वेळ पाच. तेवढ्यात भरलेली होडी घाटावर वर ओढावी लागेल आणि ते चौघांचं काम नाही. होडी ओढायचा दोर मी घाटाच्या दगडाला बांधून जातेय.