दादाच्या दहाव्याला लावलेला सॅक्सोफोन

चहा घ्या, तोवर दादाच्या दहाव्याचं सांगतो. गोदाघाटावर पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. मामांनी दादाच्या पोरीला शिकवायचा शब्द दिला, मी बाइक हळू चालवायची शपथ घेतली. कावळे लांबूनच बघत होते. दादाची कसली इच्छा राहिली, हेच सगळे एकमेकांना विचारत होते आणि मी पार थकून गेलो होतो.

दादा विंचूरकडच्या एका वायनरीत दर रविवारी सॅक्सोफोन वाजवायचा. मला काय सुचलं कोण जाणे, मोबाइलमधलं त्याचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं.

मामा ओरडले, "हे काय हॉटेलातलं लावलंस?"

"स्मूथ जॅझ आहे मामा. अमेरिकेत जुन्या जॅझची धार कमी करून, त्यात सोप्या चाली घालून हे काढलं. रेडिओवर गाजलं, मग हॉटेलात, लिफ्टमध्ये, सगळीकडे गेलं. दादानेच सांगितलंय."

"मग कावळ्यालापण सांग. बंद कर आधी."

मी बंद केलं. गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू, फार उशीर झाला." मामांनी मान हलवली.

दहा दिवस कोणाशी धड न बोललेली आई तेव्हा म्हणाली, "थांबा गुरुजी. अरे, लाव ते परत. वाजवणं अर्धं टाकून तो कधी जेवायला उठलाय का?"