आबांनी निवडलेलं ग्राफिक्स कार्ड

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड आमच्या आबांनी निवडलं.

महिनाभर मी दोन कार्डांत अडकलो होतो. एक कोरं, शांत चालणारं. दुसरं सेकंडहँड, जास्त ताकदीचं, पण त्याचे पंखे घरघरायचे. रोज व्हिडिओ बघायचो आणि रोज विचार बदलायचो. इकडे आबांचाही घरात एका जागी पाय ठरत नव्हता. कडोदऱ्याच्या लूम कारखान्यातलं, यंत्रमागांच्या रात्रंदिवस खडखडाटातलं काम नुकतंच सुटलं होतं. दिवसभर येरझारा घालायचे, आडवे झाले तरी डोळा लागायचा नाही. म्हणून रविवारी त्यांना सुरतेत दुकानात सोबत नेलं.

दुकानदाराने दोन्ही कार्डांवर गेम लावून दाखवला. मी पुन्हा घुटमळलो. तो कंटाळून म्हणाला, "भाई, आज तो नक्की करो."

आबा सेकंडहँड कार्डाजवळ कान लावून उभे होते. म्हणाले, "हाईच ले."

"आबा, हे फार आवाज करतं."

"म्हनीसनच. लूम सुटनं, आते घर माले खावाले उठस."

मी तेच घेतलं.

घरी येऊन गेम लावला. पंखे घरघरायला लागले. आबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटांत चक्क घोरायला लागले. मी गेममध्ये कधीच मेलो होतो. बंद करायला हात पुढे केला, तर आई दारातून हळूच म्हणाली, "गेम बंद करशी तर जेवन भेटाव नही."