पाठीवरचं लाडाचं नाव

हॅलो?… हो ताई, बोल… थांब जरा, भरतकामाचं मशीन बंद करते, काही ऐकू येत नाही… हं, आता बोल.

नाही गं, इकडे नाही आली. एवढीशी पोर, ती कशाला एकटी येईल माझ्या दुकानात?… शाळा केव्हाच सुटली ना?… आमचे हे? हे तर कामासाठी बाहेरगावी गेलेत. ते कुठून आणणार तिला?… दादाला विचारलंस?… तोही नाही?… मग कोण?

रडू नकोस, ताई. नीट सांग. शाळेचा वॉचमन काय म्हणाला?… कुणीतरी गृहस्थ आला… हं… आणि हाक मारली… 'ठकू' म्हणून?… आणि ही गेली त्याच्याबरोबर?

नाही, नाही, ऐकतेय मी… हो, बरोबर आहे तुझं. घराबाहेर कुणाला ठाऊकच नाही हे नाव. शाळेत तिचं नाव वेगळंच. आपणच शिकवलंय ना तिला, जो ठकू म्हणेल तोच आपला माणूस, त्याच्याबरोबरच जायचं… म्हणजे घरचंच कोणीतरी असणार, हो, तू म्हणतेस ते…

ताई… अगं ऐक ना… ताई, दप्तर.

दप्तर गं! मी वाढदिवसाला दिलेलं. पाठीवर एवढं मोठं 'ठकू' काढलंय, पिवळ्या धाग्याने. मीच काढलंय… रस्त्यातला कोणीही वाचेल, ताई.

शिव्या दे मला, हव्या तेवढ्या… नाही गं सुचलं मला. हल्ली सगळ्यांनाच सगळ्यावर नाव हवं असतं. पाकिटावर, बाटलीवर, टॉवेलवर. मला वाटलं, शाळेतल्या नावापेक्षा लाडाचं नाव किती गोड दिसेल… हो, गाढव आहे मी. आहेच.

पोलिसांना कळवलंस?… शेजारणीने केला फोन? बरं. तू कुठे आहेस?… पळू नकोस, पडशील. मी पण निघतेय… नाही, फोन नाही ठेवत. नाही ठेवत गं. बोलत राहते. काय बोलू?

कुलूपसुद्धा लागत नाहीये मेलं… आजी आठवते तुला? लाँड्रीत कामाला होती ती?… सगळ्या कपड्यांवर लाल धाग्याने गिऱ्हाइकाच्या नावाची दोन अक्षरं काढायची. हो, कॉलरच्या आतून. मी विचारायचे, एवढं सुरेख काम लपवतेस कशाला? तर म्हणायची, अगं, हे काय लोकांना दाखवायला आहे? ज्याचं कापड त्याच्या घरी परत जावं म्हणून आहे… परत जावं म्हणून, ताई… मोठ्या घरचे लोक रुमालावर ऐटीत काढून घ्यायचे म्हणे, पण तेही कोपऱ्यात, बारीकसं. आणि मी पाठभर काढून ठेवलं.

काय?… दुसरा फोन येतोय? घे, घे तो! मी आहे इथेच…

देवा. देवा, देवा…

हॅलो? ताई?… सापडली? कुठे?… औषधाच्या दुकानात?… कोपऱ्यावरच्याच ना? पोचलीस तू?… लागलं नाही ना तिला कुठे? त्याने काही केलं नाही ना?… हुश्श… थांब, मी पायरीवरच बसते.

तिला आधी जवळ घे. काय सांगतेय ती?… पट्टे खांद्याला काचत होते म्हणून दप्तर पुढे घेतलं, पोटाशी… बरं… आणि तो म्हणाला, बाळ, नाव काय म्हणालीस तुझं?… अगं बाई! विसरला! पाठीवरचं दिसेनासं झालं तसा विसरला!… आणि ही तशीच पळाली, दुकानात शिरली? शहाणी गं माझी बाय ती.

आणि तो?… निसटला?… कुणी धड पाहिलंही नाही?… म्हणजे असेल इथेच कुठेतरी. ताई, ते दप्तर तिच्या अंगावरून काढ. पिशवीत कोंब आधी.

आणि इथे… आत दुकानात ढीग पडलाय गं टेबलावर. तिच्या वर्गातल्या मुलींची दप्तरं. हिचं बघून आवडलं त्यांच्या आयांना. सगळ्यांनी लाडाचीच नावं सांगितलीत. काहींनी नेलीसुद्धा… त्या पोरी आत्ता रस्त्यात असतील, ताई… हो, करते, एकेकीच्या आईला फोन करते, आत्ता लगेच. आधी फोन हिच्याकडे दे.

हॅलो… हो, मावशीच. नाही गं, रडत नाहीये, सर्दी झालीय… ठ… नको. ते नाव नको आता… नाही, तुझ्यावर कोण रागावणार? माझ्यावर रागाव तू… काय? नवं नाव? ठरवलंस पण?… नको, नको, आत्ता सांगू नकोस! दुकानात माणसं आहेत ना? ऐकतील ती… घरी ये, दार लाव आणि मग सांग माझ्या कानात… नाही काढणार गं. कश्शावर नाही काढणार.

आता आईचा हात घट्ट धर… आणि हे बघ बाळा, रस्त्यात मागून कोणी हाक मारली ना, कुठल्याही नावाने… वळून बघायचं नाही. मी मारली तरी नाही.