रिव्हर्स येत नसल्याचा दाखला

…नाही, तुम्हीच सांगा मला, गाडीचं तोंड जिकडे, तिकडे गाडी जाणार की नाही? जाणार. शेंबड्या पोरालाही कळतं. मग कॅमेऱ्याला का कळू नये? फोटोत गाडी माझी, नंबर माझा, बंपरवरचा पोचासुद्धा माझाच, तोंड बरोबर जिकडे हवं तिकडे, आणि खाली लिहिलंय काय, तर 'एकेरी मार्गावर विरुद्ध दिशेने वाहन चालवणे'. अहो, विरुद्ध दिशेने जायचं तर तोंड नको का विरुद्ध दिशेला? माझं चष्म्याचं दुकान आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी लोकांना 'ही काच बरी की ती?' विचारत असतो. दंडाचा तो मेसेज मी चष्मा लावून वाचला, काढून वाचला, काच पुसून वाचला, मजकूर तोच! दंडाचं जाऊ द्या हो. दंड काय, भरला असता. पण कॅमेरा चुकला कसा, एवढंच मला बघायचं होतं.

बायको म्हणाली, "भरून टाका ना, कशाला नसती उठाठेव." म्हटलं, अगं, माणूस चुकला तर समजू शकतो, त्याची झोप झाली नसेल, घरी वाजलं असेल. कॅमेऱ्याचं घरी कुणाशी वाजतं? तो का चुकतो, हे कुणीतरी शोधायला नको? "तुम्हीच का?" म्हणाली. हा प्रश्न ती लग्न झाल्यापासून विचारते.

आता नीट ऐका हं. मेसेजमध्ये दोन फोटो होते. पहिल्यात गाडी डेंटिस्टच्या पाटीखाली, दुसऱ्यात गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानापाशी. आणि गल्लीत शिरलं की आधी लागतो शिंपी, मग डेंटिस्ट. म्हणजे काय झालं? मशिननं फोटोंचा क्रम उलटा लावला! मला इतका आनंद झाला की जेवताना मी ताटाकडेला मीठदाणी म्हणजे शिंपी, वाटी म्हणजे डेंटिस्ट आणि चमचा म्हणजे गाडी असं सगळं मांडून दाखवलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि चमचाच मागे गेला असेल तर?"

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांची आणि माझ्या गाडीची ओळख मागच्या सीटपुरती, म्हणजे त्या मागे बसून गाडी चालवतात आणि मी पुढे बसून ऐकतो. "क्लच सोडा आता, किती वेळ धरून बसाल?" "जावईबापू, इंडिकेटर काय सणावाराला ठेवलाय?" अशा. मी म्हटलं, आई, चमचा आपण होऊन मागे जात नाही. त्या म्हणाल्या, "बरं." आणि जेवायला लागल्या.

बरं, फोटोवर वेळ होती, आणि त्या वेळी मी कुठे होतो? डेंटिस्टच्या खुर्चीत, आ वासून, अर्धं तोंड बधिर. आणि गाडीत कोण होतं? कुणी नाही. म्हणजे सासूबाई होत्या, पण त्या मागे. काच खाली-वर करता यावी म्हणून चावी तेवढी मी गाडीतच ठेवली होती. परत आलो तेव्हा गाडी होती तिथेच, आणि त्याही मागेच, पेपर वाचत. फक्त ड्रायव्हरची सीट पुढे सरकल्यासारखी वाटली, माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले, पण तोंड बधिर असताना माणसाला काय काय वाटतं, मी काही लक्ष दिलं नाही.

तर मी हरकत नोंदवली, डेंटिस्टची पावती जोडली. वाहतूक शाखेतून फोन आला, एक मुलगी होती, अगदी मधाळ आवाज, "सर, गाडी दुसरं कुणीही चालवू शकतं ना, सर." म्हटलं, पण तोंड बघा गाडीचं. "सर, गाडी रिव्हर्समध्ये असेल ना, सर."

रिव्हर्स! मी फोनवरच हसलो. माझी गाडी, आणि रिव्हर्स? अहो, मी पार्किंगमध्ये शिरलो की आमचा वॉचमन शिट्टी तोंडात धरतो आणि तळमजल्यावरच्या काकू कुंड्या आत घेतात. पुढे मला चालवायला सांगा, एकही सिग्नल मोडलेला नाही आजवर. पण मागे म्हटलं की उजवीकडे वळवलेली गाडी डावीकडे जाते, आरशात दिसतं ते खरं मानावं की खोटं तेच कळत नाही, घाम फुटतो. आणि ही गाडी शिंप्यापर्यंत गेली होती ती कशी, तर आखल्यासारखी सरळ, दोन्ही बाजूंना स्कूटरी उभ्या असताना! असला गुन्हा करायचा तर अंगात कौशल्य पाहिजे, ते आणायचं कुठून? आणि घरात दुसरं चालवणारं कुणी नाही. दंडाचं जाऊ द्या, म्हटलं, पण कॅमेरा चुकला कसा, हे आता मी यांना सिद्ध करूनच दाखवतो.

म्हणून मी दाखला तयार केला. 'मला गाडी मागे घेता येत नाही', खाली माझी सही आणि शेजाऱ्यांच्या साक्षी. मला वाटलं होतं, लोक आढेवेढे घेतील. कसले आढेवेढे! पहिल्या मजल्यावर मी बेल वाजवत होतो, तोवर तिसऱ्या मजल्यावरचे स्वतःचं पेन घेऊन खाली आले. वॉचमननं लिहिलं, 'हे मी रोज बघतो.' काकूंनी सही केली आणि पुरावा म्हणून फुटक्या कुंडीचा तुकडाही दिला. एकजण तर म्हणाले, "पुढे घेण्याबद्दलही थोडं लिहायचं होतं, जागा आहे का?"

सुनावणीच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, मीही येते, घरी बसून कंटाळा येतो. या म्हटलं.

तिथे ही गर्दी, सगळे कॅमेऱ्यानं पकडलेले. एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना गाडी चालवताना फोनवर बोलल्याचा दंड. "मी कान खाजवत होते हो! आता कानाला खाज सुटली तर गाडी बाजूला घ्यायची?" शेजारी एक टॅक्सीवाला, मान हलवत बसलेला. तो म्हणाला, "कॅमेरा आहे ते बरंय, बाई. तो ओळख बघत नाही, माझं पण पकडतो आणि मंत्र्याच्या मेव्हण्याचं पण. पण त्याला फक्त दिसतं, कळत नाही. आता या साहेबांनी एक सिग्नल मोडला नाही म्हणतात, म्हणून यांना गाडी येते असं होतं का?" मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, "मागे घेता येते?" मी विषय बदलला.

मग मला पुकारलं. आत अधिकारी मॅडम, शांत एकदम, चष्म्याची काडी एकीकडे वाकलेली, मला मिनिटभर तेवढंच दिसत होतं. मी माझा दाखला पुढे केला, कुंडीचा तुकडा ठेवला, फोटोंच्या क्रमाचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हिडिओच बघू ना." व्हिडिओ! मला कुणी सांगितलंच नव्हतं की व्हिडिओ असतो.

लावला. आणि तुम्हाला सांगतो, गाडी मागे जात होती.

माझी गाडी. मागे. स्कूटरींच्या मधून, सुईत दोरा जावा तशी, कुठे थांबली नाही की अडखळली नाही, शिंप्याच्या दुकानाशी पोचल्यावर एकदाच वळली आणि कोपऱ्याआड गेली. आणि मग खालून पडद्यावर आली ॲम्ब्युलन्स. पलीकडच्या तोंडानं गल्लीत घुसली होती, समोर माझी गाडी उभी, बाजूनं जायला वीतभर जागा नाही. फोटोत कापून टाकली होती हो ती! दार उघडंच होतं, मागची सगळी रांग आत डोकावत होती. टॅक्सीवाला म्हणाला, "हात आहे, हात!" कानवाल्या बाईंनी माझी पाठ थोपटली. आणि खोटं कशाला बोलू, मी ती थोपटून घेतली.

मॅडमनी चित्र मोठं केलं. समोरच्या काचेतून चेहरा दिसेना, कारण चालवणाऱ्यानं मान पूर्ण मागे वळवली होती. दिसत होता फक्त अंबाडा. आणि अंबाड्याखाली चष्म्याची साखळी. ती साखळी मी ओळखली. माझ्याच दुकानातली, मीच बसवून दिलेली.

मी मागे वळून बघितलं. सासूबाई पेपर वाचत होत्या.

"आई," म्हटलं, "हे तुम्ही?" "मग काय," म्हणाल्या, "पेशंटला तिष्ठत ठेवायचं होतं?" म्हटलं, पण एवढे दिवस बोलला का नाहीत? पेपर खाली न घेता म्हणाल्या, "तुम्ही 'गाडी कुणी नेली' असं विचारलंत का? तुम्ही विचारत होतात, कॅमेरा चुकला कसा." आणि पर्समधून लायसन्स काढलं. चालू! आजवर नेमानं नूतनीकरण केलेलं. सासऱ्यांची बेकरी होती हे मला माहीत होतं, पण पावाची व्हॅन कोण चालवायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं. "गल्लीत पुढून शिरायचं आणि मागून निघायचं," म्हणाल्या. "वळवायला जागा कुठे असायची?" इतकी वर्षं ही बाई माझ्या मागे बसून हे सगळं सहन करत होती… मला खरंच लाज वाटली, आणि कौतुक त्याहून जास्त वाटलं.

मॅडमनी दंड रद्द केला. मी दाखला उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अलगद स्वतःकडे ओढला. "हा राहू द्या. हे तुम्हीच लिहून दिलंय ना? साक्षीदारांसकट? मग हे वाचूनही मी तुम्हाला रस्त्यावर कसं सोडू?" परत चाचणी द्या म्हणाल्या. मागे घेण्याची. तोवर लायसन्स जमा!

आता हसू नका. माझी अर्धी गिऱ्हाइकं म्हातारी आहेत, त्यांच्या घरी जाऊन मी नंबर काढतो, भिंगांच्या पेट्या काय डोक्यावर न्यायच्या? चाचणी पास होणं भागच होतं. मग शिकवणार कोण? सासूबाईच. बंद गोदामामागं मोकळं मैदान आहे, तिथे रोज सकाळी. "आरसा भांग पाडायला नाही, बघा त्याच्यात." "मागची काच हीच पुढची समजा." तरी गाडी वाकडीच. शेवटी एक दिवस त्या उतरल्या, गाडीच्या मागे सरळ जाऊन चुन्यानं आखलेल्या पट्ट्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या, हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, "या."

अहो, या काय! जावई गाडी मागे घेतोय आणि मागे सासू उभी! बघायला आलेली बायको ओरडायला लागली, "आई, बाजूला हो," आणि मग मला, "तुमच्या मनात काय आहे?" माझ्या मनात काय असणार, क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, एवढंच. पण त्या हलेनात. आणि मला सांगा, अशा वेळी माणूस गाडी वाकडी घेईल? आरशात त्यांची ती चष्म्याची साखळी धरली, श्वास धरला आणि घेतली. सरळ! त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. बाहेर येऊन मी त्यांच्या पायाच पडलो. "उठा," म्हणाल्या, "हँडब्रेक ओढला नाही तुम्ही." त्यानंतर रोज त्या मागे उभ्या, आणि रोज सरळ. एकदासुद्धा चुकलो नाही.

काल चाचणी झाली. परीक्षक शेजारी येऊन बसले, भला माणूस. समोर पट्टे आखलेले, मैदान मोकळं. "घ्या मागे," म्हणाले. मी आरशात बघितलं. मागे कुणीच नाही. घेतली, वाकडी. पुन्हा घेतली, आणखी वाकडी, प्लास्टिकचा खांब चाकाखाली. त्यांना माझी दयाच आली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरताय कशाला? मागे कुणीसुद्धा नाहीये, निर्धास्त घ्या."

म्हटलं, साहेब, तीच तर अडचण आहे.