पूजेत मांडलेला पाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मित्र मंडळाचे आधारस्तंभ माननीय ईश्वरभाई, मंडळाच्या चिटणीस शालूताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे लवू, त्यांच्या सौभाग्यवती सुलूवहिनी, शांती नगरातले सर्व दुकानदार बंधू आणि रहिवासी, आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या मृणालिनीताई व त्यांचे यजमान कौस्तुभराव, आपणा सर्वांना या हरिश्चंद्र टायरवाल्याचा नमस्कार.

शालूताईंनी मला सांगितलंय, दोन शब्द बोला, चांगलं चांगलं बोला. ईश्वरभाई, आपण थोडा वेळ चालवून घ्या. मला दोन शब्दांत जमणार नाही. आणि सगळंच चांगलं असेल असंही नाही.

सत्त्याऐंशी साली मी इथे दुकान टाकलं तेव्हा समोर मिठागरं होती आणि रिक्षावाले इकडे यायला तयार नसायचे. लवू पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. राजापूरकडचा माणूस, सातवी शिकलेला, बोलणं कमी. आता इथे त्यांना 'अहो लवू' म्हणायला हवं, पण अकरा वर्षांची जीभ आहे, ती वळत नाही. तेव्हा मी लवूच म्हणतो.

आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गाडीच्या टायरवरचे आकडे वाचलेत? हात वर करा. बघा, तिघं. अहो, मी धंद्यात पडलो तेव्हा मलाही त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. मारुतीच्या टायरवर लिहिलेलं असायचं, एकशे पंचेचाळीस, सत्तर, बारा. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. तिसरा म्हणजे आतलं चाक किती इंचाचं. एवढंच. पण नव्वदनंतर इथे पोरांना आणि पोरांच्या बापांनाही मॅगव्हीलचं वेड लागलं. चाक रुंद पाहिजे, चकचकीत पाहिजे, टायर गाडीच्या बाहेर डोकावला पाहिजे. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "शेट, सबसे चौडावाला डालो." मी म्हणायचो, डालतो. आणि मागून लवू हळूच म्हणायचा, "शेट, रुंदी वाढवली तर भिंत कमी करायला हवी. नायतर चाक उंच होतंय."

हे मला त्यानं शिकवलं, मी त्याला नाही. त्याच्याकडे शिंप्याची टेप होती. जुना टायर मोजायचा, नवा मोजायचा, आणि दोघांची उंची जवळपास सारखी आली तरच गाडीला हात लावायचा. तेवढ्यावरही त्याचं समाधान नसे. टायरच्या दोन्ही कडांना खडू फासायचा. मग बाबाजीच्या चहाच्या गाडीवर जे कोण चहा पीत उभे असतील त्यांना हाक मारायचा, "चौघं जण येवा, गाडीत बसा." मोकळ्या गाडीत सगळंच बरोबर दिसतं, असं त्याचं म्हणणं. भरलेली गाडी खाली बसते. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, सेक्टरला एक फेरी, आणि परत आल्यावर खडू बघायचा. खडू जागेवर असेल तर गाडी गिऱ्हाइकाची. पुसला असेल तर टायर मडगार्डला घासतोय, उतरवा.

या सभागृहातले अर्धे लोक लवूच्या खडूसाठी कधी ना कधी गाडीत बसलेले आहेत. ईश्वरभाई, आपण स्वतः दोनदा बसला होतात आणि दोन्ही वेळा म्हणाला होतात, "अरे मारो टाइम वेस्ट करे छे." हसा, हसा. मलाही तेव्हा हसू यायचं.

आता मी जे सांगणार आहे ते मी चार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या घरातही नाही.

चौऱ्याण्णवचा दसरा. कौस्तुभरावांनी आठ दिवस आधी मुंबईहून तेरा इंची मॅगव्हील आणली होती. मारुतीला बाराची असतात. लवूनं टेप लावली आणि म्हणाला, याच्यावर एकशे पंचावन्न-साठ बसेल, उंचीत पाऊण सेंटिमीटरचा फरक, चालेल. तो टायर माझ्याकडे नव्हता. मागवायला पंधरा दिवस लागणार होते. कौस्तुभरावांना गाडी दसऱ्याला हवी होती. माझ्याकडे रॅकवर एकशे पासष्ट-पासष्टचे चार टायर होते, कधीचे पडून. मी म्हणालो, हे घाला, आणखी रुंद दिसतील. ते निवडले मी. कौस्तुभरावांनी निवडले नाहीत, लवूनं तर नाहीच. लवू म्हणाला होता, "शेट, ह्यो पावणेचार सेंटिमीटर उंच होतोय." मी म्हणालो, एवढ्याशा फरकानं काय होतंय.

दसऱ्याच्या सकाळी चाकं बसवली. मग दुकानात हत्यारांची पूजा. जॅक, पाने, हातोडे, सगळं पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. आपल्याकडे पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. मृणालिनीताईंनी गाडीचीही पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली. ताई, तुम्ही मला पेढा दिला होतात, आठवतं?

पूजा झाल्यावर लवूनं आपलं नेहमीचं काम केलं. सणाचे कपडे घातलेल्या चौघांना बाबापुता करून गाडीत बसवलं, खडू फासला, फेरी मारून आला. कौस्तुभराव तेव्हा ईश्वरभाईंच्या दुकानात सोनं द्यायला गेले होते. ताई पेढे वाटत होत्या. लवूनं मला हाक मारली आणि बोटानं दाखवलं. पुढच्या दोन्ही चाकांवर बाहेरच्या कडेचा खडू पुसला गेला होता. नुसता पुसला नव्हता, रबरावर ओरखडा होता.

तो सरळ दुकानात गेला आणि पाटावरचा पाना उचलायला वाकला.

मी त्याचं मनगट धरलं. मी म्हणालो, "लवू, डोकं फिरलंय का तुझं? पूजेतलं हत्यार आहे. वर्षभराचा धंदा बसवायचाय तुला?" तो म्हणाला, "शेट, एक पाना उचलू द्या. बाकीचं तसंच ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, उद्या. मी बाहेर आलो आणि तोवर परत आलेल्या कौस्तुभरावांना म्हणालो, जरा सावकाश चालवा, उद्या सकाळी आणा, किरकोळ काम राहिलंय. किरकोळ. हा माझा शब्द.

ते ताईंना आणि आईवडिलांना घेऊन डोंगरी गावात नातेवाइकांकडे निघाले. चौघं जण, मागे डिकीत सामान. पुढचं तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगरीच्या वळणावर पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी कुंपणाच्या भिंतीवर गेली. बाकीच्यांना खरचटलं. ताई डाव्या बाजूला पुढे बसल्या होत्या. त्यांचा पाय गुडघ्यात पुन्हा कधी वाकला नाही. शाळेतली शिकवायची नोकरी सुटली. तिसऱ्या माळ्यावर घर, लिफ्ट नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कौस्तुभरावांनी मला विचारलं होतं, "टायर बसवले कुणी?" मी म्हणालो, "लवूनं."

ते खोटं नव्हतं. बसवले होते लवूनंच. त्यापुढे एक अक्षर मी बोललो नाही. आईवडिलांनी नाव हरिश्चंद्र ठेवलं आणि मी एवढं एक वाक्य बोलून घरी जाऊन जेवलो.

लवूच्या कानावर ते दुसऱ्याच दिवशी गेलं. मला वाटलं, आता हा चारचौघांत माझं नाव घेईल. मी तयारी करून ठेवली होती, काय बोलायचं, कसं उलटवायचं. तो आला आणि म्हणाला, "शेट, मी तो पाना उचलायला हवा होता. तुम्ही हात धरलात तरी उचलायला हवा होता." मंडळी, चार वर्षं तो हेच धरून बसलाय. आणि मी त्याला ते धरून बसू दिलं. मला ते सोयीचं होतं. त्याला कामावरून काढलं नाही म्हणून लोक मला मोठ्या मनाचा म्हणाले, तेही मी ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून गिऱ्हाईक म्हणायचं, लवू नको, दुसरा कोणी असेल तर बघा. मी त्याला पंक्चरवर बसवलं. ज्याच्या हातात इथली सगळी चाकं होती, तो चार वर्षं बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला. खडू त्यानं पुन्हा हातात घेतला नाही. आता तो गावी चाललाय आणि आपण त्याला शाल देतोय. इथे येताना बाहेर कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, हातून चूक झाली बिचाऱ्याच्या. ते ऐकलं आणि मला शालूताईंनी लिहून दिलेला कागद वाचवेना.

लवू, उठू नकोस. बस. सुलूवहिनी, त्याला बसवा.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. ताईंना महिन्यातून एकदा हॉस्पिटलला न्यावं लागतं. खुर्चीत बसवून तीन माळे उतरवायचं, परत चढवायचं. पुढची बाजू कौस्तुभराव धरतात. मागची बाजू चार वर्षं लवू धरतोय. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. कौस्तुभराव, तुम्ही त्याच्याशी एक शब्द बोलत नाही हे मला माहीत आहे. जिन्यात तुम्ही दोघं असायचात आणि मी समोर दुकानात गल्ल्यावर बसून बघायचो. चार वर्षांत मी रस्ता ओलांडून आलो नाही.

आता हे सांगून काय झालं? ताईंचा पाय वाकणार नाही. लवूची गाडी उद्या सकाळची आहे, त्याचं सामान बांधून झालंय, आणि ती चार वर्षं मी त्याला कुठून आणून देऊ? मला वाटलं होतं, बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. मी तुमच्याकडे बघतोय, ताई, आणि तुम्ही खाली बघताय. बरोबर आहे.

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. शालूताई, तुमचा कार्यक्रम मी बिघडवला. श्रोत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे उपकार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राहिला नसेल, शब्द कमी-जास्त गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. दसऱ्याचं घालू नका. ते माझ्या नावावर राहू दे.

चहापान झालं की ताईंना वर न्यायचंय. मागची बाजू आज शेवटची लवू धरेल. पुढच्या महिन्यात ती धरायला मी जिन्याखाली येऊन उभा राहीन. कौस्तुभराव, तुम्ही मला हात लावू दिला नाहीत, तरी मी उभा राहीन.

नमस्कार.